कचऱ्याचे पैसे नेमके कशाचे? यवतमाळ जिल्ह्यातील कचरा संकलनाचा आढावा

घरातला कचरा कोणी उचलायचा, कुठे न्यायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे तीन प्रश्न आपल्याकडे तीन टेबलांवर सोडवले जातात. उचलण्याचे काम आरोग्य विभागाकडे, जागेचा प्रश्न महसूल खात्याकडे आणि खर्च कर विभागाकडे. यवतमाळ जिल्ह्यात या विषयावर बोलणे होते ते बहुधा घंटागाडी येणे बंद झाल्यावर किंवा डेपोला आग लागल्यावर. घंटागाडी फिरू लागली, आग विझली की विषयही मागे पडतो. हे तिन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहिले तर आजवर काय ठरले आणि काय ठरायचे आहे, याचा अंदाज येतो.

जिल्हा १६ तालुक्यांचा. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, आर्णी आणि नेर या दहा नगर परिषदा, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, महागाव, झरी जामणी अशा ठिकाणी नगर पंचायती आणि बाराशेच्या आसपास ग्रामपंचायती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती आणि त्यात शहरी वाटा सुमारे २२ टक्के. मोठ्या महानगरांसाठी आखलेल्या योजना इथे जशाच्या तशा का बसत नाहीत, याचे अर्धे कारण या प्रमाणातच आहे.

मागची वाट

यवतमाळची नगरपालिका १८९४ सालची. तेव्हा जिल्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. वऱ्हाडातल्या इतर नगरपालिकांसारखेच इथेही सफाईचे काम ठरावीक जातींतील कुटुंबांवर लादले गेले. रस्ते झाडणे, मैला वाहणे, कचऱ्याच्या गाड्या हाकणे ही कामे त्यांच्याच वाट्याला आली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्या काळचा कचरा म्हणजे राख, माती, पालापाचोळा आणि शेण. देशभर अनेक नगरपालिका तो मैल्याबरोबर कुजवून शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. कचऱ्यातून थोडे का होईना उत्पन्न येई. हे गणित प्लास्टिकने मोडले.

कायद्याची चौकट आज अशी आहे: नगर परिषदा आणि नगर पंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात आणि सफाई हे त्यांचे बंधनकारक कर्तव्य आहे. ग्रामपंचायती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि घनकचरा व्यवस्थापनाचा विषय तीत नावानिशी नोंदला गेला. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी शहरांतल्या कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यातून नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर २००० मध्ये पहिले राष्ट्रीय नियम आले. त्यांची जागा ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि ते मार्च २०२६ पर्यंत लागू होते. त्यांतल्या दोन गोष्टी आजच्या वादाच्या मुळाशी आहेत. एक, ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा. दोन, कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने उपविधीत ठरवलेले शुल्क द्यायचे. डिसेंबर २०२४ च्या मसुद्यात केंद्राने हे वर्गीकरण चार भागांपर्यंत नेले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

गावांकडून आलेला प्रवाह वेगळा. संत गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्याने २०००-०१ मध्ये सुरू केले आणि वऱ्हाडातल्या गावांनी ते मनापासून राबवले. पण ते होते श्रमदानाचे आणि स्पर्धेचे. रोजचा कचरा रोज उचलणारी यंत्रणा त्यातून उभी राहावी, अशी त्याची रचनाच नव्हती.

उचलायचा कोणी?

पहिली बाजू कायम कामगारांची. नगर परिषदेच्या आस्थापनेवरचा सफाई कामगार शहर ओळखतो, कोणत्या गल्लीत गाडी शिरत नाही हे त्याला पाठ असते आणि त्याला निवृत्तिवेतनाचे संरक्षण असते. लाड-पागे समितीच्या १९७२ च्या शिफारशींनुसार त्याच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळतो. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या तरतुदी नव्याने एकत्र केल्या. विरोधी मत असे की पगाराचा बोजा आधीच पेलवत नाही आणि मंजूर पदांच्या आकृतिबंधाबाहेर नवी पदे मिळत नाहीत. दोन्ही म्हणणी खरी आहेत. १९९९ मध्ये नगर परिषदांची जकात गेली. तिच्या बदल्यात राज्याकडून येणाऱ्या सहायक अनुदानातून मुख्यतः पगार भागतात. नव्या वस्तीसाठी नवा माणूस घ्यायला त्यात जागा उरत नाही.

आणि नव्या वस्त्या तर वाढतच आहेत. यवतमाळच्या हद्दीत दहाएक वर्षांपूर्वी लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, पिंपळगाव, भोसा, मोहा ही भोवतालची गावे आली. शहर एका झटक्यात विस्तारले. विरळ लेआऊट, कच्चे रस्ते, मधे मोकळे भूखंड. अशा ठिकाणी गाडीला एका घरामागे जास्त अंतर तोडावे लागते आणि न आलेल्या गाडीचा कचरा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर जातो. हद्दवाढीचा खर्च घरपट्टीच्या हिशेबात लगेच दिसतो, कचऱ्याच्या हिशेबात मात्र उशिरा.

म्हणून दुसरी वाट ठेक्याची. गाड्या, चालक, मजूर सगळे ठेकेदाराचे, नगर परिषद बिल देणार. आज बहुतेक शहरांत याच पद्धतीचा कुठला ना कुठला अवतार दिसतो. बाजूने सांगितले जाते ते असे की गाडी बिघडली तर दुसरी आणणे ठेकेदारावर बंधनकारक करता येते आणि काम न झाल्यास दंड कापता येतो. विरोधात सांगितले जाते की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, हातमोजे, बूट यांवरच आधी कात्री लागते. कामगारांच्या बाजूने लढलेला सर्वांत गाजलेला खटला मुंबईचा: कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या प्रकरणात एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. त्यानंतर ‘ठेका म्हणजे स्वस्त’ हे समीकरण कायद्याच्या दृष्टीनेही तितके सोपे राहिलेले नाही.

ठेक्याच्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक बाब, जी निविदेच्या आतल्या पानांत असते: पैसे कशाचे मोजायचे. टनामागे दर असेल तर गाडी जड व्हावी याकडे कल जातो. माती, बांधकामाचा मलबा, ओला-सुका एकत्र असा सगळा माल वजनात चालतो, आणि कचरा घरीच जिरवणारे कुटुंब ठेकेदाराच्या तोट्याचे ठरते. फेऱ्यांमागे दर असेल तर अर्ध्या रिकाम्या गाड्या फिरतात. महिन्याला ठोक रक्कम असेल तर दूरचा प्रभाग मागे राहतो. घरामागे दर असेल तर प्रत्येक दाराची नोंद लागते. ती दाराला क्यूआर कोड लावून ठेवता येते, पण रोज तपासणारा स्वच्छता निरीक्षक हवा. शेजारी नागपूरने २००८ पासून एका कंपनीकडे असलेले काम नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन संस्थांकडे पाच-पाच झोन असे विभागले. संस्था बदलली तरी वजनाचा प्रश्न उरतोच, हे तिथल्या चर्चेतून दिसले. आपला कापूस काट्यावर चढताना नजर न हलवणारा हा जिल्हा आहे. कचऱ्याच्या काट्याची पावती मात्र क्वचितच कोणी मागतो.

तिसरी वाट कष्टकऱ्यांच्या संस्थांची. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००७ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार झाला. कचरावेचक महिला दारोदार जातात, घराकडून शुल्क थेट घेतात आणि सुक्या मालाची विक्री त्यांची. छत्तीसगडमधल्या अंबिकापूरने २०१५ पासून महिला बचत गटांकडे हेच काम दिले. केरळात महिलांची हरित कर्म सेना दरमहा घराघरांतून शुल्क घेऊन सुका कचरा नेते. यवतमाळ जिल्ह्यात बचत गटांचे जाळे दाट आहे, म्हणून हा पर्याय इथे वारंवार सुचवला जातो. त्यावरची शंकाही गंभीर आहे: पुण्यासारख्या शहरात सुक्या मालाला बाजार जवळ आहे; घाटंजी किंवा मारेगावात गोळा झालेले पुठ्ठा-प्लास्टिक नागपूरपर्यंत नेण्यातच भाव खाल्ला जातो. शिवाय गावातला भंगारवाला चांगला माल आधीच घेऊन गेलेला असतो. त्याला या व्यवस्थेत सामावून घेतले नाही तर बचत गटाच्या हाती उरते ते न विकले जाणारे.

पैसे येणार कुठून?

इथे दोन पक्ष सरळ समोरासमोर आहेत.

घरमालकाचे म्हणणे: १९६५ च्या अधिनियमातील एकत्रित मालमत्ता करात सर्वसाधारण स्वच्छता कर आधीच आहे. घरपट्टीच्या बिलात आम्ही तो भरतो. त्यावर पुन्हा घनकचरा शुल्क म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. प्रशासनाचे म्हणणे: तो कर बसवला तेव्हा सेवा होती रस्ता झाडण्याची आणि कोपऱ्यावरची कचराकुंडी रिकामी करण्याची. आज दारावर येऊन, वेगवेगळा कचरा घेऊन, त्यावर प्रक्रिया करायची आहे. ही वेगळी सेवा आहे आणि २०१६ च्या नियमांनी तिचे शुल्क बंधनकारक केले आहे. राज्याच्या नगरविकास विभागाने २०१९ मध्ये नमुना उपविधी दिले, त्यांत घरे, दुकाने, हॉटेले, मंगल कार्यालये, दवाखाने यांचे दर वेगवेगळे. त्यानंतरही अनेक ठिकाणी शुल्क लावण्याचे ठराव लांबणीवर पडले किंवा वसुली थंडावली. मुंबई महापालिकेने तर १ एप्रिल २०२५ ला घराच्या आकारानुसार महिना १०० रुपयांपासून पुढे शुल्काचा मसुदा मांडला आणि त्याला जोरदार विरोध झाला. श्रीमंत महापालिकेची ही स्थिती असेल तर ‘ब’ आणि ‘क’ वर्ग नगर परिषदांचे अवघडलेपण समजण्यासारखे आहे.

आकड्यांनी पाहू. केंद्राच्या नियमपुस्तिकेप्रमाणे दोन लाखांच्या आतल्या शहरात माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो. २०११ ची पुसदची लोकसंख्या सुमारे ७३ हजार. २५० ग्रॅमने दिवसाला १८ टन. घरे १६ हजार धरली आणि घरामागे महिना ४० रुपये शुल्क समजले, तर पूर्ण वसुलीत वर्षाला ७७ लाख रुपये जमतात. निम्म्या वसुलीत ३८ लाख. यात डझनभर गाड्यांचे डिझेल, चालक, दोन-दोन मजूर आणि प्रक्रिया केंद्र बसवून पाहावे. शुल्काने सगळा खर्च निघेल हे खरे नाही आणि शुल्क नगण्य आहे हेही खरे नाही.

उरलेला वाटा अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात लहान शहरांच्या निधीतील ३० टक्के रक्कम स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी बांधून दिली. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये एक लाखाच्या आतील शहरांना प्रकल्पांसाठी केंद्राचा वाटा ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के. अभियानाचा हा पैसा भांडवली: गाड्या घ्या, शेड बांधा, यंत्रे बसवा. यंत्राचे वीजबिल आणि ते चालवणाऱ्याचा पगार नगर परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचा. उद्घाटन झालेली पण बंद पडलेली खतयंत्रे राज्यात जागोजागी दिसतात, त्याचे मुख्य कारण हेच असल्याचे माझे मत आहे.

शुल्क जितका कचरा तितके असावे, असाही एक विचार आहे. दक्षिण कोरियाने १ जानेवारी १९९५ पासून ठरावीक पिशव्या विकत घ्यायला लावून तो देशभर राबवला. आपल्याकडे तो लगेच आणण्याबद्दल अभ्यासकही सावध आहेत, कारण पिशवीचे पैसे वाचवायला नाली आणि मोकळा प्लॉट हाताशी आहेत. त्यापेक्षा वेगळा कचरा देणाऱ्याला घरपट्टीत सवलत, हा मार्ग अधिक पेलणारा वाटतो.

गावांचा हिशेब निराळा

जिल्ह्यातली चार-पंचमांश लोकसंख्या गावांत आहे. गावात ओल्या कचऱ्याचा प्रश्न फारसा नाही. शिळे अन्न गुरांना, शेण आणि काडीकचरा उकिरड्यावर, तिथून शेतात, पऱ्हाटी चुलीत. प्रश्न आहे तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेल्या वस्तूंचा. शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांची पाकिटे आणि विदर्भात सर्वत्र दिसणाऱ्या खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या. खर्ऱ्याची पन्नी इतकी हलकी आणि मळकी असते की भंगारात तिला किंमत नाही, आणि इतकी जास्त असते की नाली तुंबवते. संकलनाच्या कुठल्याही आराखड्यात तिचे नाव नाही.

स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये मिळतात. त्यातले ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे. दोन हजार वस्तीच्या गावाला हे होतात १ लाख २० हजार, आणि तेही एकदाच. दिवसाला ४०० रुपये मजुरीने एक माणूस वर्षभर ठेवला तर जवळपास दीड लाख लागतात. बॅटरीवरची तीनचाकी येते, ती चालवणाऱ्याची तरतूद येत नाही. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीत, नमुना ८ मध्ये, घरपट्टीबरोबर आरोग्य कर आणि दिवाबत्ती कर असतात. पण त्यांची रक्कम इतकी लहान आणि थकबाकी इतकी मोठी की रोजचे संकलन त्यावर उभे राहणे कठीण.

यावर ग्रामसेवकांपासून अभ्यासकांपर्यंत बऱ्याच जणांचे म्हणणे असे की गावात रोजची गाडी नकोच. ओला कचरा घरोघरच्या खड्ड्यात किंवा नाडेप टाक्यात जिरवावा (नाडेप ही खतपद्धत याच जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची) आणि फक्त सुका कचरा आठवड्यातून एकदा उचलून तालुक्याच्या प्लास्टिक केंद्राकडे पाठवावा. अशा केंद्रासाठी तालुक्यामागे १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. मला हा विचार पटतो. त्यातली अडचण झरी जामणी किंवा मारेगावच्या विखुरलेल्या कोलाम पोडांवर (आदिवासी पाड्यांवर) दिसते: तिथून पोतेभर प्लास्टिक केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा, हे ग्रामसेवकालाही सांगता येत नाही.

डेपो

यवतमाळ शहराचा कचरा सावरगडला जातो. इतर शहरांचेही डेपो असेच वेशीबाहेर, कुणा गावाच्या शिवारात. शहर कर भरते आणि धूर, माश्या, दूषित पाणी शेजारचे गाव सोसते. हा अन्याय आजवरच्या कुठल्याही शुल्कात धरलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेतील त्रुटींबद्दल महाराष्ट्रावर १२ हजार कोटींची भरपाई लावली, त्यातून प्रश्नाचे आकारमान कळते.

जुना ढीग चाळून जागा मोकळी करणे आता नियमाने बंधनकारक आहे. पण रोज एकत्र कचरा येत राहिला तर चाळलेल्या जागेवर नवा ढीग उभा राहतो. याला राज्यातला सर्वांत परिचित अपवाद सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचा. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घरातूनच वेगळा कचरा घेणे सक्तीचे झाले, केंद्रावर तो वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाऊ लागला आणि डेपोची जागा लोक पाहायला येऊ लागले. आक्षेप घेणारे म्हणतात की वेंगुर्ला फार लहान आहे. ते बरोबर आहे. पण राळेगाव, कळंब, बाभूळगावही लहानच आहेत.

ओल्या कचऱ्याचे खत ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ या नावाने विकण्याची सोय राज्याने केली आहे आणि कापूस-सोयाबीनच्या जमिनींना सेंद्रिय खताची गरज उघड आहे. शेतकरी मात्र त्यात काच आणि प्लास्टिकचे तुकडे असतील या भीतीने मागे राहतो. न विकल्या जाणाऱ्या सुक्या कचऱ्यासाठी वणीकडे एक शक्यता आहे. कचऱ्यापासून इंधन करणाऱ्या केंद्राच्या १०० किलोमीटरच्या आतील उद्योगांनी किमान पाच टक्के इंधन त्यातून घ्यावे, असे २०१६ च्या नियमांत होते. मुकुटबन आणि लगतच्या चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंट कारखाने वणीपासून लांब नाहीत. उमरखेड आणि पुसदला मात्र हे अंतर परवडेल का, हे तपासावे लागेल.

न सुटलेले

पहिला प्रश्न निर्णय घेणाऱ्यांचा. जिल्ह्यातल्या नगर परिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. शुल्क लावायचे की नाही, ठेका कोणत्या मोजमापाने द्यायचा, हे निर्णय निवडून आलेल्या सभागृहात चर्चेने व्हायला हवेत. ते या काळात झाले नाहीत.

दुसरा प्रश्न एकत्र येण्याचा. कळंब, राळेगाव, बाभूळगाव यांनी प्रत्येकी वेगळे केंद्र उभारावे की एक सामाईक? सामाईक केंद्र स्वस्त पडते, पण ज्या गावात ते येईल त्याला दरवर्षी काय मोबदला द्यायचा, याचा नमुना अजून कोणी घालून दिलेला नाही.

तिसरा आणि सर्वांत कमी चर्चिलेला प्रश्न कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचा. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फवारणीच्या कपड्यांवर, औषधांवर त्यानंतर पुष्कळ बोलले गेले. रिकामा डबा मात्र आजही घरी येतो. धुऊन वापरला जातो, उकिरड्यावर पडतो किंवा जाळला जातो. २०१६ च्या नियमांत तो घरगुती घातक कचरा म्हणून नोंदलेला होता, म्हणजे तो वेगळा गोळा करणे स्थानिक संस्थेचे काम आहे. कृषी केंद्राने अनामत घेऊन डबा परत घ्यावा, असे एक मत आहे. कंपनीने तो आपल्या खर्चाने न्यावा, असे दुसरे. दोन्हींत ग्रामपंचायतीची भूमिका काय, आणि पुढच्या खरिपाआधी जमा झालेले डबे ठेवायचे कुठे, याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या आणि कृषी विभागाच्या एकत्र बैठकीतच मिळू शकते.